रुखवतातले मोर

"पाव्हण्यांना सांगू का वैनी, हे समदं आमच्या कुशीनंच केलंय म्हणून?"

चतुराबाई बशीतला चहा फुंकत हे बोलली, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या प्रभावतीच्या हातातली गाळणी पातेल्यावर तशीच राहिली. तसं बघितलं तर विचारणं किती साधं. नणंदेनं भावजयीला विचारलं, भाऊ शेजारीच बसलेला, विचारताना ती हसलीसुद्धा. चतुराबाई ही धाकटी नणंद, अंतरवाली सराटीला दिलेली. दुपारच्या गाडीनं ती लेकीला घेऊन आली होती. रविवारी राजूरचे पाहुणे या लेकीला, कुशावर्तेला, बघायला येणार होते, आणि तो कार्यक्रम गावात न करता इथं जालन्यात, मामाच्या फ्लॅटमध्ये करायचा असं ती घरूनच ठरवून आली होती. "गावात कसं हाय वैनी, दारात गुरं, घरात सरकी. आन तुमचं घर बगा, शिनेमातल्यावानी ठेवलंय." एवढ्यावर बद्रीनाथ, म्हणजे प्रभावतीचा नवरा, "आपलीच पोरगी, त्यात काय विचारायचं" म्हणून मोकळाही झाला होता. घर द्यायला प्रभावतीची ना नव्हती. पण घरासोबत तिचे हातही द्यायचे आहेत, हे तिला आत्ता कळत होतं. "काय वैनी, सांगू ना?" चतुराबाईनं पुन्हा विचारलं. "तुमची मर्जी," प्रभावती म्हणाली आणि हसली. ते हसणं तिचं तिलाच ऐकू आलं, अगदी हेच हसणं ती मागं एकदा हसली होती.

दोन खोल्या आणि हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढं स्वयंपाकघर. अंबड रोडच्या अंगाला उभी राहिलेली अपार्टमेंट, तिसरा मजला. बांधणाऱ्यानं वाळूत सिमेंट दाखवण्यापुरतंच घातलेलं, खिळा ठोकला की भिंत भुरभुर सांडायची. राहायला आले त्या दिवशी बद्रीनाथनं त्या भिंतींकडे बघून मान खाली घातली होती. बियाण्याच्या कंपनीतल्या कारकुनाला याहून जास्त झेपणार नव्हतं आणि ते बायकोच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी होती. प्रभावतीनं पदर खोचला. कंपनीत फेकून दिलेल्या बियाण्याच्या कापडी पिशव्या त्याला आणायला लावल्या, सोड्यात उकळून त्यांच्यावरची छापील बोंडं घालवली आणि उशांचे अभ्रे शिवले. एका अभ्र्यावर बोंड निघता निघेना, तेव्हा तिनं दोऱ्यानं तेच भरून काढलं, तर तोच अभ्रा सगळ्यांत देखणा निघाला. मोसंबीच्या बाजारातल्या मोडक्या पेट्या घासूनपुसून एकीवर एक चढवल्या, झालं कपाट. रोलिंग मिलच्या भंगारातली सळई काळी रंगवून दोन खिळ्यांवर टेकवली आणि तिच्यावर जुन्या इरकलीचा पडदा सोडला. पाण्याचा निळा ड्रम बैठकीतच ठेवावा लागे, दुसरीकडे जागाच नव्हती, आणि जालन्यात ड्रमाशिवाय घर चालत नाही, नळ एकदा गेला की आठवडा आठवडा तोंड दाखवत नाही. तर त्या ड्रमावर पाट, पाटावर जमिनीपर्यंत झालरीचं गोल कापड, वर पितळी तांब्यात वाळलेल्या गवताचे तुरे. आलेल्या माणसाला ते टेबलच वाटायचं. छताच्या कडीला फुटक्या बांगड्यांचं झुंबर होतं. खालच्या मजल्यावरची नंदाबाई पाहुणे आले की त्यांना मुद्दाम वर घेऊन यायची, आणि प्रभावती त्यांना चहा करून द्यायची. कुणी काही म्हणायच्या आत तिचे कान टवकारलेले असत. हे कुणी केलं, हा प्रश्न तिला रोज ऐकायला हवा होता आणि त्याचं उत्तर रोज द्यायला हवं होतं, आणि एवढं करूनही तिचं पोट भरत नव्हतं.

सगळ्यांत मोठं काम मोरांचं. वरच्या मजल्यावरची माणसं ड्रम ओसंडून वाहीपर्यंत नळ बंद करत नसत, त्यामुळे बैठकीच्या भिंतीला एक ओल होती. बाराही महिने असायची. चुना लावा, रंग लावा, महिन्याभरात ती पुन्हा हजर. त्या ओलीवर प्रभावतीनं तरटाचा मोठा पट टांगला होता आणि त्यावर बांगड्यांच्या तुकड्यांचे दोन मोर चिकटवले होते, समोरासमोर तोंडं केलेले. एकाचा डोळा हिरवा, दुसऱ्याचा लाल. पटाच्या शेजारी सासूची, तुळजाबाईची तसबीर. घरातला पक्का खिळा तेवढा एकच, तसबिरीचा. आईसाठी बद्रीनाथनं माणूस बोलावून भिंतीत लाकडी गुट्टी मारून घेतली होती. बाकी सगळं घर प्रभावतीनं बारीक चुकांवर, बोटभर खिळ्यांवर, तोलून धरलं होतं. आत्ता चहा पिऊन झाल्यावर चतुराबाई त्या पटासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोर लई झ्याक झालेत. असेच मोर माझ्या रुखवतात व्हते बगा, नळ्याच्या तोरणात. तुम्हाला याद असंल." याद असेल, म्हणे. प्रभावतीनं बशा गोळा केल्या. एक बशी दुसरीवर जरा जोरात आपटली, तेवढंच.

माझ्या रुखवतात. त्या दोघी गेल्यावर आणि नवरा त्यांना स्टँडवर सोडायला गेल्यावर प्रभावती ड्रमाच्या टेबलाशी टेकून बसली आणि हे दोन शब्द पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहिली. तिचं माहेर जालन्यातलंच, मस्तगडचं. पुढच्या गल्लीत काचेच्या नळ्या आणि मणी विकणारा एक म्हातारा बसायचा, त्याच्याकडून तिनं जमेल तशा पुड्या आणल्या आणि दारापाशी उजेडाला बसून ते तोरण ओवलं. सातवीत होती तेव्हा सुरुवात केली आणि लग्न ठरलं तोपर्यंत ते चालूच होतं. नळी तुटली की बोटात जायची, दोरा लाल व्हायचा, तो मोर दिसत नाही अशा बाजूनं ती वळवायची. शेवटच्या मोराच्या डोळ्यापाशी हिरवे मणी संपले. म्हातारा म्हणाला, आता हैदराबादहून येतील तेव्हा. ती रडकुंडीला आली तेव्हा आई म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे लाल. रागीट मोर हाय तो." लग्नात रुखवत मांडलं ते तिला दिसलंच नाही, ती आतल्या खोलीत बाशिंग बांधून बसली होती. बायका बघून येऊन सांगत होत्या आणि ती कल्पनेनं एकेक वस्तू टेबलावर मांडत होती. सासरी आल्यावर ते सगळं पेटीत गेलं. घर झालं की लावू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणाचं घर, कुठलं घर, ते काही ठरलेलं नव्हतं, पण दारावर ते तोरण असणार एवढं पक्कं होतं.

मग एक्क्याऐंशी साली चतुराचं लग्न निघालं. चतुराला सुईत दोरा घालायचाही कंटाळा. तुळजाबाई एका सकाळी पेटीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं हाय ते काढ. पोरीच्या रुखवताला मांडू. घरातलंच तर हाय, घरात परत येईल." प्रभावतीला म्हणायचं होतं, न्हाई. तो शब्द अगदी दातांपर्यंत आला होता, जीभ टाळूला लागली होती. पण सासू उभी होती, दोन्ही हात कमरेवर, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसता निवांतपणा होता. हे होणारच आहे याची खात्री असलेल्या माणसाचा निवांतपणा. प्रभावती खाली बसली आणि एकेक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली, आणि वर बघून हसली. लग्नाच्या मांडवात बायका त्या मोरांभोवती गोळा झाल्या होत्या आणि तुळजाबाई मोठ्यानं सांगत होती, "लहानपणापासून नाद हाय पोरीला." प्रभावती पाण्याची बादली घेऊन बाजूनं गेली. कुणीतरी म्हणालं, "चतुराच्या हाताला काय कला हाय!" त्या बाईला तिनं पाणी वाढलं. पुढं वर्षभरानं धीर करून तोरणाचं विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "दारावर चढवलेलं तोरण कुणी काढत असतं व्हय? लेकीच्या घराला अपशकुन करती का?" विषय मिटला. अंतरवालीला जायचं झालं की प्रभावती त्या तोरणाखालून वाकून आत जायची. चुलीच्या धुरानं मोर तपकिरी पडत गेले, मग एकेक नळी गळाली. शेवटी एका वर्षी गेली तर दारावर नुसता दोरा लोंबत होता आणि त्याला लाल मणी तेवढा लागून राहिला होता. तो तिनं ओढून घेतला. तोच हा, बांगड्यांच्या मोराच्या डोळ्यात बसवलेला. एवढ्या जवळ नाक नेऊन बघितलं तरी चतुराबाईला तो ओळखू आला नव्हता.

आता रविवारपर्यंत प्रभावतीला दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना, ड्रमातलं पाणी काढताना, नंदाबाईशी बोलताना ती आतल्या आत सूड घेत होती, आणि दर वेळी वेगळा. पाहुण्यांची बाई विचारील, पोरी, हे झुंबर कसं गं केलंस? आणि कुशावर्ता गप्प बसेल, आणि आपण सावकाश म्हणू, सांग ना कुशे. किंवा आपण काहीच म्हणणार नाही, नुसतं बघत राहू. किंवा उठून सरळ सांगू, की बाई, ही माझ्या हातची कला आहे, हिच्या आईनं मागं माझं तोरण नेलं आणि आता घर न्यायला आलीय. हे शेवटचं तिला सगळ्यांत आवडायचं आणि त्याच्यावरच तिचा विश्वास नव्हता. ऐन वेळी आपण हसू, हे तिला ठाऊक होतं. तोंडावर बोलणं तिला जमत नाही, हातांना जमतं. आणि तिथंच, अभ्रे झटकता झटकता, तिला लख्ख सुचलं. कुशीनं केलंय ना हे सगळं? मग ते इथं असायला कशाला हवं? कुशीच्या आईनं काय ते दाखवावं. मधूनच त्या पोरीचा चेहरा समोर यायचा. सावळी, उंच, खांदे पाडून चालणारी. दोन ठिकाणांहून नकार आलेला. त्या दिवशी ती झुंबराखाली उभी राहून वर फुंकर मारत होती आणि बांगड्या किणकिणल्या की कुणी बघत तर नाही ना, असं बघत होती. हा चेहरा आला की प्रभावती हातातलं काम जोरात करायची. मोडलं तर मोडू दे. आपलंही मोडलंच होतं, कुणी विचारलं?

रविवारी सकाळी तिनं बद्रीनाथला पेढ्यांसाठी मस्तगडला धाडलं. जवळ दुकानं होती, पण तिला तिथलेच पेढे हवे होते. दार लावलं आणि स्टूल ओढलं. आधी झुंबर. मग पडदा, सळई, मोसंबीच्या पेट्या, अभ्रे. ड्रमाची झालर एका हिसक्यात निघाली आणि आत तो निळा, पोटात पोचा आलेला ड्रम उघडा पडला तेव्हा ती मोठ्यानं हसली, आणि हे हसणं ते नव्हतं. खिळे उपटताना भिंत सांडत होती, तिच्या केसांत, भुवयांत, जिभेवर चुना आला, तिनं तो थुंकून टाकला नाही. शेवटी मोरांचा पट उतरवला. मागची ओल इतक्या दिवसांत चांगली हातभर पसरली होती आणि तिला केसांसारखी काळी बुरशी आली होती. प्रभावतीनं तळवा त्या ओलीवर ठेवला, गार लागलं. बरं वाटलं. सगळं तिनं जुन्या साड्यांत गुंडाळून गाठोडी बांधली आणि आतल्या खोलीत पलंगाखाली सारली. राहिली एकटी तसबीर. तिला हात लावायला ती गेली आणि थबकली. नवऱ्याला ते सोसलं नसतं. उघड्या भिंतीवर, ओलीच्या शेजारी, तुळजाबाई निवांत बघत होती.

"अगं, घर कुठं गेलं?" पेढ्यांचा पुडा हातात धरून बद्रीनाथ दारातच उभा राहिला.

"ओल लई झालती. भिंत वाळू घातलीय."

"आजच?"

"ओल काय मुहूर्त बघून येती?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग आईच्या तसबिरीकडे, आणि चपला काढून गुपचूप सतरंजी अंथरायला लागला. बद्रीनाथचं हे असं होतं. त्याला कळायचं, पण कळलेलं तो तोंडावर येऊ द्यायचा नाही. आईपुढंही त्यानं येऊ दिलं नव्हतं.

दुपारी चतुराबाई आली. नवं लुगडं, लेकीच्या केसांत अबोली, हातात लाडवाचा डबा. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हेच तोंड प्रभावतीला बघायचं होतं. इतकी वर्षं बघायचं होतं. तिनं ते सावकाश, डोळ्यांत भरून घेतलं. कपाळावर आठी आली, मग ओठ थरथरले, मग आवाज आला, "वैनी, हे काय वो? पाव्हणे येऊन राह्यले आन तुम्ही घर उपसून ठेवलं? मी त्यांना निरोप धाडला, पोरीला समदं येतं म्हणून!" "ओल आली," प्रभावती म्हणाली. "मी तरी काय करू?" चतुराबाई खाली बसली, पदर डोळ्यांना लावला, मग पाहुण्यांच्या भीतीनं पुन्हा पुसला. कुशावर्ता मात्र भिंतीपाशी गेली. खिळ्याच्या एका भोकात तिनं करंगळीचं टोक घातलं, बोटाला लागलेला चुना बघितला, ताजा. मग वळून मामीकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तिला कळलं होतं एवढंच. प्रभावती पोह्यांना फोडणी द्यायला आत गेली.

पाहुणे तिघं. मुलगा देवळाजवळ नारळ-प्रसादाचं दुकान चालवणारा, सारखा रुमालानं मान पुसणारा. बाप रखमाजी, बोलायला कमी. आई गोजरबाई, आणि सगळं तिच्याच हातात, हे ती ज्या पद्धतीनं सतरंजीच्या मधोमध बसली त्यावरूनच दिसलं. बसल्यावर तिनं घर बघायला सुरुवात केली. घाई नाही. भोकं बघितली. ओल बघितली. तसबीर बघितली. ड्रम बघितला आणि तिथं तिची नजर अडली. चतुराबाईनं श्वास रोखला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली प्रभावती एक पाऊल पुढं आली. आता.

"पाणी कवा येतं तुमच्यात?" गोजरबाईनं विचारलं.

"आता धा दिस झाले, न्हाई आलं," बद्रीनाथ म्हणाला.

"आमच्यात तर टँकर हाय. त्यो बी बराबर येत न्हाई." आणि ती सुटलीच. टँकरवरची भांडणं, हंड्यांच्या रांगा, देवळाला येणाऱ्या लोकांनी पळवलेल्या बादल्या. चतुराबाईच्या गावच्या विहिरी आटल्या होत्या, तीही बोलायला लागली, आधी चाचरत, मग मोकळी. ड्रमाला पोचा कसा आला, हे गोजरबाईनं विचारलं आणि बद्रीनाथनं तो जिन्यावरून गडगडत गेला त्याची हकिकत सांगितली तेव्हा रखमाजीसुद्धा हसले. "मागल्या पंधरवड्यात एक पोरगी बघितली," गोजरबाई म्हणाली, "घर असं सजवलेलं, पाय कुठं ठेवावा ते कळेना. शोकेस काय, झुंबर काय. म्या ह्यांना म्हणलं, उठा. असल्या घरातली पोरगी आपल्या घरात रडंल. खर्चा बी झेपायचा न्हाई." मग ती कुशावर्तेकडे वळली. "निरोपात व्हतं, तुला कलाकुसर येती म्हणून?"

चतुराबाईनं तोंड उघडलं, उघड्या भिंतींवरून नजर फिरवली आणि मिटलं. दाखवायला काहीच नव्हतं. "न्हाई येत," कुशावर्ता खाली मान घालून म्हणाली. "रानातलं समदं येतं. धार काढता येती." "खरं बोलती," गोजरबाई नवऱ्याला म्हणाली. मग प्रभावतीकडे बघून, "बाई, कुंकवाचा करंडा आणा."

प्रभावतीनं करंडा आणला. तिनं घर ओरबाडून काढलं होतं आणि त्या ओरबाडलेल्या घरानंच पोरीचं लग्न जमवून दिलं होतं. जे मोडायचं म्हणून केलं ते जुळलं. कुशावर्तेच्या कपाळावर कुंकू लागलं, तिच्या ओटीत नारळ पडला, आणि तिनं पहिल्यांदा खांदे सरळ केले. प्रभावतीला राग आला. त्यात थोडं दुसरंही काही होतं, पण ते तिनं मान्य केलं नाही. पेढे वाटले. मस्तगडचे, चांगले होते.

बद्रीनाथ पाहुण्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेला आणि दार लागताच चतुराबाईनं भावजयीला मिठी मारली. "वैनी, तुम्हाला कसं कळलं वो, त्यांना साधं घर लागतं म्हणून? आन मी येडी, तुमच्यावर चिडले!" प्रभावतीचे दोन्ही हात बाजूला लोंबत राहिले. चतुराबाई आतल्या खोलीत पिशवी घ्यायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आगं माय! कुशे, हिकडं ये जल्दी! मामीनं रुखवताचं समदं बांधून बी ठेवलंय!" गाठोडी तिनं पलंगाखालून ओढली होती. पटाच्या गाठोड्याची गाठ सुटून लाल डोळ्याचा मोर बाहेर आला होता. "आपल्या घरातनं परस्पर नेते, वैनी. मोर मदोमद मांडू, जसे माझ्या वक्ताला मांडले व्हते. पाव्हण्यांना कळलं आता, पोरीला येत न्हाई म्हणून. मामीच्या हातचं म्हणून सांगू, मंग तर झालं?" तिचा चेहरा फुललेला होता, त्यात कपटाचा लवलेश नव्हता. प्रभावती दारात उभी. आतून ते जुनं हसणं वर यायला लागलं, गालांच्या कडा आपोआप ताणल्या जायला लागल्या. तिनं चौकट धरली. कुशावर्ता तिच्याकडेच बघत होती.

"न्हाई," प्रभावती म्हणाली.

आवाज खोल गेला होता, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "न्हाई. माझं हाय ते. मी देणार न्हाई."

आणि ती थांबली. आता आभाळ कोसळणार होतं. चतुराबाई रडेल, आईचं नाव काढेल, भावाला सांगेल, गावभर करेल. प्रभावतीच्या जिभेवर सगळं तयार होतं, तोरण, मांडव, पाण्याची बादली, लाल मणी, वर्षानुवर्षं धार लावून ठेवलेलं.

"बरं," चतुराबाई म्हणाली. "न्हाई तर न्हाई." तिनं मोर आत सारला, गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली, पलंगाखाली ढकललं आणि पिशवी उचलली. "मला वाटलं, बांधलंय तर द्यायला बांधलंय. मागं बी तुम्हीच बांधून दिल्तं ना, हसत हसत."

"सासूबाई उभ्या व्हत्या पुढं."

"असंल. मला काय माहीत?" चतुराबाई खरोखरच आठवू पाहत होती. "मला तर ते तोरण उचलायलाच जड पडलं व्हतं. तवाच म्हणायचं ना वैनी, न्हाई म्हणून. मी काय बळंच नेलं असतं?" दारात चपला घालताना ती लेकीच्या अबोलीचा गजरा नीट करत होती, तिचं मन केव्हाच लग्नाच्या बस्त्यात जाऊन पोचलं होतं. कुशावर्तेनं वाकून मामीच्या पायाला हात लावला. उठताना हळूच म्हणाली, "मामी, झुंबर पयलं लावा." आणि दोघी जिना उतरून गेल्या.

प्रभावती उघड्या बैठकीत उभी राहिली. एवढंच होतं? एक बरं? तिला भांडण हवं होतं. तिला ती बाई रडून, पाया पडून हवी होती. इतकी वर्षं जिच्यावर दात ओठ खाल्ले तिला काही माहीतच नव्हतं, तिनं कधी काही ओढून घेतलंच नव्हतं, तिच्या ओटीत आणून टाकलं होतं ते दुसऱ्यांनी. दुसऱ्यांनी. प्रभावतीनं मान वर केली. भिंतीवरून तुळजाबाई बघत होती, कमरेवर हात नव्हते, तसबीर खांद्यापर्यंतचीच होती, पण तोच निवांतपणा. हे होणारच आहे.

तिनं आतून मोरांचं गाठोडं आणलं. हातोडी घेतली, जुन्या जागी चूक ठोकून बघितली, भोक मोठं होऊन चूक खाली पडली. जरा वर ठोकली, तिथंही भिंत सांडली. खालून नंदाबाई ओरडली, "काय तोडून राह्यल्या वो?" प्रभावतीनं हातोडी खाली ठेवली. ती पुढं झाली आणि त्या एकमेव पक्क्या खिळ्यावरून तसबीर दोन्ही हातांनी उतरवली. काचेवरचा चुना पदरानं नीट पुसला, उगाच घाण कशाला. आणि पट त्या खिळ्यावर चढवला. ओल निम्मी झाकली, निम्मी बाहेर राहिली. मोर थोडे तिरपे झाले, तिनं ते सरळ केले.

बद्रीनाथ परत आला तेव्हा ती स्टुलावर उभी राहून झुंबराची कडी बसवत होती. चपला काढता काढता त्याची नजर भिंतीवर गेली.

"आई कुठंय?"

"पलंगाखाली," प्रभावती म्हणाली. "ओल वाळली की लावू."